गोंदियापासून समुद्र किती दूर? मध्य भारतातील शंखशिंपल्यांच्या शोधाचा इतिहास

१/ गोंदियापासून जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही गोंदिया जंक्शनवरून पूर्वेला निघालेला अभ्यासगट रेल्वेने एका दिवसात अशा नदीकाठी पोहोचू शकतो, जिथे खडकातच समुद्री शिंपले रुतलेले आहेत. पश्चिमेला निघालेला गट नागपूरला पोहोचेल. तिथेही शंख सापडले, पण ते समुद्राचे नव्हते. हा फरक ओळखायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ का लागला, त्याचा हा धागा.

२/ आधी गोंदियाविषयी. या जिल्ह्याच्या जमिनीखालचा पाया भारतातील अतिप्राचीन खडकांचा आहे. येथील पट्टिताश्म भूविज्ञानात ‘आमगाव नाइस’ या नावाने ओळखला जातो. हे आमगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलेच तालुक्याचे गाव. सालेकसा, दरेकसा या भागांत प्राचीन ज्वालामुखीजन्य खडकही आहेत. या पायाचे वय २०० कोटी वर्षांच्या पलीकडचे.

३/ कवच असलेले प्राणी पृथ्वीवर विपुल झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आमगावचा खडक घडला तेव्हा शंख नव्हता, शिंपला नव्हता, खेकडा नव्हता. शिवाय हा खडक उष्णता आणि दाब यांखाली पुनःपुन्हा रूपांतरित झालेला. त्यात हातोडा घेऊन शिंपले शोधणे व्यर्थ आहे. जीवाश्म शोधणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो खडकाच्या वयाचा आणि दुसरा त्याच्या जन्माचा.

४/ पश्चिमेला नागपूरपाशी मात्र भूमी बदलते. शहराच्या पूर्वेकडे जुना पट्टिताश्म, तर पश्चिमेकडे दक्षिण ट्रॅपचा काळा बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी या बेसाल्टचीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक वाहिले आणि दोन लोटांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी पाणी साचून गाळ बसला. पुढचा लोट आला आणि त्या गाळावर झाकण बसले. या गाळाच्या थरांना ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात.

५/ या थरांतले शंख प्रथम नोंदवणाऱ्यांत हेन्री व्हॉयसी हा शल्यविशारद येतो. विल्यम लॅम्ब्टन याच्या नेतृत्वाखाली चाललेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो वैद्य आणि भूवैज्ञानिक. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन हिंगणघाट येथे मरण पावला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, व्हॉयसीला वऱ्हाडातील गाविलगडच्या डोंगरात दगड झालेले शंख आढळले.

६/ ज्वालामुखीच्या खडकांच्या राशीत शंख असावेत, हे त्या काळच्या वाचकाला विलक्षण वाटणारे होते. बेसाल्ट पाण्यात साचून घडला की अग्नीतून, हा वाद युरोपात नुकताच शमत होता. व्हॉयसीला या नोंदीचा पाठपुरावा करता आला नाही. १८२४ च्या एप्रिलात, हैदराबादहून कलकत्त्याकडे जाताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आला तो १८३३ मध्ये.

७/ पुढचा दुवा मद्रास सैन्यातील वैद्य जॉन मॅल्कमसन याचा. हैदराबाद ते नागपूर या पट्ट्यातील बेसाल्टच्या पूर्व कडेवर त्याने शंखशिंपले गोळा केले आणि १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांवर निबंध मांडला. त्यातील एका शंखाला ‘फायसा प्रिन्सेपाय’ हे नाव मिळाले. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचेच नाव ते. अशोकाचे लेख उलगडले जात होते, त्याच वर्षांत विदर्भाच्या सीमेवरचे दगडही वाचले जात होते.

८/ या शंखाची खूण सोपी आहे. शंखाचे टोक वर धरून त्याचे तोंड आपल्याकडे करावे. बहुतेक गोगलगाईंच्या शंखांत तोंड उजवीकडे येते, फायसाच्या शंखात ते डावीकडे येते. आजही या कुळातील डावखुऱ्या गोगलगाई तळ्यांत आणि संथ ओढ्यांत राहतात, समुद्रात नाही. अलीकडचे संशोधक या जीवाश्माला ‘प्लॅटिफायसा’ या प्रजातीत ठेवतात.

९/ आता नागपूर. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक भोसल्यांच्या राजधानीत आला. तो मराठी शिकला आणि त्याने शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये स्थापन झाले ते त्याच्याच नावाने. पुढे रॉबर्ट हंटर हा सहकारी त्याला येऊन मिळाला. दोघांनाही निसर्गाभ्यासाची ओढ होती. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी गावाच्या परिसरात फिरताना त्यांना खडकातले शंख दिसले आणि पुढची काही वर्षे त्यांच्या फेरफटक्यांना ठरलेली दिशा मिळाली.

१०/ टाकळीच्या थरातून शंखांबरोबर बिया, फळे, लाकूड, कीटकांच्या पंखांची आवरणे आणि ऑस्ट्रॅकॉड मिळाले. ऑस्ट्रॅकॉड म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारे, बहुधा मोहरीहूनही लहान असे कवचधारी जीव. कामठीच्या छावणीतील सँकी हा लष्करी अभियंताही त्याच काळात त्या परिसरातून वनस्पतींचे जीवाश्म जमवत होता. विदर्भात एकाच वेळी अनेक हात दगड फोडत होते. त्यांपैकी लेख लिहिणाऱ्यांची नावे ठळक उरली.

११/ हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूविज्ञानावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. याच काळात नागपूरचे राज्य संपत होते. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाले आणि दत्तक वारस अमान्य करून कंपनी सरकारने राज्य खालसा केले. गोंदियाचा आजचा मुलूखही त्याच राज्याचा भाग होता. प्रदेशाची मालकी बदलत असतानाच त्याच्या भूगर्भाची पहिली सविस्तर नोंद तयार होत होती, आणि नमुने लंडनला जात होते.

१२/ निबंधापुढचा प्रश्न असा : हे शंख समुद्राचे की गोड्या पाण्याचे? एकटा शंख नेहमीच उत्तर देत नाही, त्याची सोबत पाहावी लागते. टाकळीत फायसाबरोबर लिम्निया आणि पॅल्युडिना या गोगलगाई होत्या. प्रवाळ नव्हते, समुद्री साळू नव्हते, अमोनाइट नव्हते, ब्रॅकिओपॉड नव्हते. सगळी मंडळी तळ्याकाठची. निष्कर्ष निघाला : नागपूरजवळ लाव्हाने झाकलेले थर गोड्या पाण्यात साचलेले आहेत.

१३/ १८६० मध्ये हिस्लॉपने या शंखांचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यात गोदावरीकाठच्या राजमहेंद्री येथील शंखशिंपल्यांचाही समावेश होता. तेथील थरांत खाडी आणि समुद्राशी नाते सांगणारे प्राणी होते. म्हणजे एकाच बेसाल्टच्या सान्निध्यात नागपूरकडे तळी आणि राजमहेंद्रीकडे किनारा. हिस्लॉपने हे थर तृतीयक काळातले मानले. आजच्या मापनानुसार ते क्रिटेशसचा शेवट आणि पॅलिओसीनचा आरंभ या संधिकाळात पडतात. डायनोसॉर नाहीसे झाले तो हाच काळ.

१४/ त्याच वर्षी इतर तज्ज्ञांनीही नागपूरच्या संग्रहावर लिहिले. अँड्र्यू मरे यांनी कीटकांचे वर्णन केले, तर रूपर्ट जोन्स यांनी ऑस्ट्रॅकॉडांचे. मोठे शंख डोळ्यांत भरतात, ऑस्ट्रॅकॉड भिंगाशिवाय दिसत नाहीत. पण दीडशे वर्षांनी मोठ्या प्रश्नाचे दार उघडले ते अशा सूक्ष्म कवचांनीच. ती गोष्ट पुढे येते.

१५/ हिस्लॉपचा शेवट विदर्भाच्या पावसाळ्यात झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहायला गेला होता. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम बोरीला होता. संध्याकाळी घोड्यावरून तिकडे परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. वय अवघे ४५. त्याच्या कागदपत्रांतून टेंपल यांनी १८६६ मध्ये मध्य प्रांतातील आदिवासींवरील टिपणे प्रसिद्ध केली. हे टाकळघाट वेगळे आणि शंखांची टाकळी वेगळी, दोन्हींची गल्लत करू नये.

१६/ मग समुद्र कुठे? त्याच्या शोधात अधिक जुन्या थरांकडे, गोंडवन संघाकडे वळावे लागते. या खडकांना गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ हे नाव हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये योजले आणि ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापील लेखनात आणले. दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडाचे जगप्रसिद्ध नाव येथूनच गेले. मध्य भारताचा कोळसा या संघातलाच. हे थर नद्या, दलदली आणि तळी यांचे, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

१७/ या संघाच्या तळाशी असलेले ‘तालचेर’ थर हिमयुगाची साक्ष देतात. चंद्रपूरजवळील इरई येथे चुनखडीच्या पृष्ठावर हिमनदीने ओढलेल्या खडकांचे ओरखडे फ्रान्सिस फेडन यांनी १८७० च्या दशकात नोंदवले. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या चंद्रपुरात बर्फाच्या खुणा! त्या काळी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. पुढे बर्फ वितळले, समुद्राची पातळी वाढली. हे पाणी भूमीत किती आतवर शिरले असेल, याचा पुरावा मात्र मध्य भारतात हाती नव्हता.

१८/ तो मिळाला १९२१ मध्ये. रीवा संस्थानाचे भूवैज्ञानिक के. पी. सिनोर यांना उमरिया येथे, रेल्वेमार्गासाठी कापलेल्या भागात, शंखशिंपल्यांनी भरलेला जेमतेम तीनेक मीटर जाडीचा थर दिसला. खाली तालचेरचे थर, वर कोळशाच्या बाराकर संघाचे थर. कोळशासाठी लोहमार्ग आला, लोहमार्गासाठी टेकाड कापले गेले आणि त्या कापात समुद्र सापडला. कटनी–बिलासपूर मार्गावरचे हे उमरिया आज मध्य प्रदेशात आहे.

१९/ हा थर समुद्राचाच कशावरून? कारण त्यात ‘प्रॉडक्टस’ होता. हा ब्रॅकिओपॉड. दिसायला शिंपल्यासारखा, पण शिंपल्यांच्या कुळातला नव्हे. शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा असमान असतात, मात्र प्रत्येक झडपेचा डावा भाग उजव्यासारखा असतो. प्रॉडक्टसची एक झडप फुगीर, दुसरी चपटी किंवा आत वळलेली. आणि ब्रॅकिओपॉड हे सागरी प्राणी. टाकळीच्या तळ्यात जे नव्हते, ते इथे मुबलक होते.

२०/ १९२८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये दोन लेख आले. ई. आर. जी यांनी उमरिया कोळसाक्षेत्राचे भूविज्ञान मांडले आणि केंब्रिजचे काउपर रीड यांनी जीवाश्मांचे वर्णन केले. ‘प्रॉडक्टस उमरियेन्सिस’, ‘प्रॉडक्टस रीवाहेन्सिस’ ही नावे त्यातली. एका छोट्या संस्थानी गावाचे नाव जागतिक जीवाश्मसूचीत गेले. थर पातळ, प्राण्यांचे प्रकार थोडे. यावरून समुद्र इथे फार काळ टिकला नसावा, असे दिसते.

२१/ एकाच जागी मिळालेला पुरावा नेहमी एकाकी असतो. दुसरा साक्षीदार १९५४ मध्ये पुढे आला. मनेंद्रगड येथे हसदेव नदीच्या काठी एस. के. घोष यांना तालचेर थरांतच सागरी जीवाश्म मिळाले. युरिडेस्मा आणि अॅव्हिक्युलोपेक्टेन हे शिंपले त्यांत प्रमुख. मनेंद्रगड आज छत्तीसगडात आहे. अनूपपूरहून चिरमिरीकडे जाणाऱ्या फाट्यावर हे स्थानक लागते. गोंदियाहून बिलासपूर, अनूपपूर आणि मग मनेंद्रगड, असा सरळ लोहमार्ग आहे.

२२/ युरिडेस्मा हा जाड कवचाचा, थंड पाण्याचा शिंपला. तो ऑस्ट्रेलियात सापडतो, आफ्रिकेत सापडतो, दक्षिण अमेरिकेत सापडतो, पाकिस्तानातील मिठाच्या डोंगररांगेतही सापडतो. हे सारे प्रदेश तेव्हा एका महाखंडाचे भाग होते. म्हणून हसदेवच्या काठावरचा शिंपला केवळ ‘इथे समुद्र होता’ एवढेच सांगत नाही. तो समुद्र थंड होता, हिमयुग ओसरतानाचा होता आणि गोंडवनाच्या इतर किनाऱ्यांशी त्याचे नाते होते, हेही सांगतो. काळ सुमारे २८ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा.

२३/ आता पुन्हा बेसाल्टकडे. नागपूरच्या शेजारी छिंदवाडा जिल्हा. तेथील मोहगाव कलान हे अंतरा-ट्रॅपी वनस्पती-जीवाश्मांसाठी प्रसिद्ध. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ मध्ये तेथील वनस्पतींवर लिहिले. त्यांत ‘नायपा’ या ताडवर्गीय झाडाचे फळ होते. आजचा नायपा सुंदरबनासारख्या खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. तळ्यांच्या प्रदेशात खाडीचे झाड कसे? हा प्रश्न कित्येक दशके तसाच राहिला.

२४/ २००९ मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, थिएरी अदात आणि सहकाऱ्यांनी छिंदवाड्यातील झिलमिली येथील अंतरा-ट्रॅपी थरांतून तरंगते फोरॅमिनीफेरा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. हे एकपेशीय सागरी जीव, काटेकोर अर्थाने प्राणी नव्हेत. पण त्यांची कवचे काळ सांगण्यात अचूक असतात. ती पॅलिओसीनच्या अगदी आरंभाची निघाली. त्याच ठिकाणी मचूळ पाण्याचे ऑस्ट्रॅकॉडही मिळाले.

२५/ निष्कर्ष असा की डायनोसॉरांच्या अस्तानंतर लगेच, नागपूरपासून फार दूर नसलेल्या या जागी समुद्राचे पाणी काही काळ पोहोचले होते. ते पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यातून आले की आग्नेयेकडून गोदावरीच्या, यावर चर्चा चालू आहे. हिस्लॉप चुकला का? टाकळीपुरता नाही. टाकळीचे तळे तळेच होते. मात्र एका तळ्यावरून सबंध प्रदेशाचा निकाल लावता येत नाही, हे झिलमिलीने दाखवून दिले.

२६/ या साऱ्या शोधांना एक समान आधार आहे : नमुन्यासोबतची नोंद. कोणत्या गावी, कोणत्या थरात, खाली काय, वर काय. उमरियाचा प्रॉडक्टस घराच्या कपाटात चिठ्ठीविना पडला असता, तर तो एक सुंदर दगड ठरला असता. तालचेर आणि बाराकर यांच्या मधोमध तो होता, ही नोंद असल्यामुळेच तो समुद्राचा पुरावा झाला. चिठ्ठी हरवली की जीवाश्म मुका होतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

२७/ जागाही हरवतात. हिस्लॉपची टाकळी आता नागपूर शहरात मिसळून गेली आहे. त्याच्या संग्रहातील अनेक मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. ज्या थरावर विदर्भाच्या जीवाश्मविज्ञानाचा पाया घातला गेला, तो थर पाहायचा तर घरे आणि रस्ते यांच्यामधली फटच शोधावी लागेल.

२८/ मनेंद्रगडचे नशीब बरे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध केला. तिथे जाणाऱ्या गटाने हातोडा पिशवीतच ठेवावा. भिंग, वही, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरेसे आहेत. प्रत्येकाने एकेक शिंपला उचलला, तर काही हंगामांत नदीकाठी फक्त पाटी उरेल.

२९/ गटाने जाण्याचा खरा लाभ वेगळाच. एकाला शिंपला दिसतो, दुसरा थराची जाडी मोजतो, तिसरा चित्र काढतो, चौथा शंका घेतो. हिस्लॉपला हंटर होता. सिनोर यांच्या शोधाला जी आणि रीड यांची जोड मिळाली. झिलमिलीच्या लेखामागे तर अनेक देशांतले, अनेक विषयांचे संशोधक होते.

३०/ गोंदियाच्या अभ्यासगटासाठी क्रम असा सुचतो. आधी आमगावचा पट्टिताश्म पाहावा आणि त्यात जीवाश्म का नाहीत, ते समजून घ्यावे. मग नागपूरला जाऊन सीताबर्डीचा बेसाल्ट आणि अजब बंगल्यातील संग्रहालय पाहावे. शेवटी पूर्वेची गाडी पकडून मनेंद्रगड गाठावे. नदीचे पाणी ओसरलेले असताना, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी, काठचे थर नीट दिसतात. २८ कोटी वर्षांपूर्वीचा किनारा तिथे गुडघाभर पाण्याच्या कडेला उभा आहे.